द्रावण नीट कसे करावे: तांब्याभर पाण्यापासून ठिबकच्या बॅरलपर्यंत

काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात आमच्या करवीर तालुक्यातल्या मळ्यात उसाला ठिबकमधून ००:००:५० (हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के) हे विद्राव्य खत, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, द्यायचे होते. उन्हात तापलेल्या काळ्या पाइपमधले दोनशे लिटर कोमट पाणी बॅरलमध्ये घेऊन मी त्यात २५ किलोची अख्खी गोणी रिकामी केली, शेवटचे खडे दिसेनासे होईपर्यंत वेळूच्या काठीने दोन तास ढवळत राहिलो आणि पाणी काचेसारखे स्वच्छ झाल्यावर समाधानाने घरी आलो. वीज रात्रीची होती, त्यामुळे खत पहाटे सोडायचे होते. पहाटे पाहतो तर बॅरलच्या तळाला पांढऱ्या खड्यांचा थर बसलेला, आणि वाल उघडताच फिल्टरची जाळीही तुंबली. खतात भेसळ असणार असा माझा पहिला ग्रह झाला आणि दुकानदाराला चार शब्द सुनावण्याच्या तयारीने मी निघालोही होतो. पण खत चोख होते. चूक माझ्या समजुतीची होती.

हे खत ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे १३ ग्रॅम विरघळते, म्हणजे दोनशे लिटरमध्ये २६ किलोपर्यंत. तेच पाणी रात्रीतून २० अंशांवर उतरले की ही मर्यादा १०० ग्रॅमला ११ ग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे दोनशे लिटरमध्ये साधारण २२ किलो. वरचे अडीच-तीन किलो खत पाण्यातून पुन्हा खड्यांच्या रूपाने बाहेर पडणारच होते. मी दोन तासांऐवजी चार तास ढवळले असते तरी त्यात काहीही फरक पडला नसता. ढवळण्याने विरघळण्याचा वेग वाढतो, विरघळण्याची मर्यादा वाढत नाही. ही एक गोष्ट मनात पक्की असली की सरबतापासून फवारणीच्या पंपापर्यंतची कामे पुष्कळ सोपी होतात, म्हणून पुढे जे लिहिले आहे त्यात वेग आणि मर्यादा या दोन गोष्टी सतत वेगळ्या ठेवल्या आहेत.

विरघळते म्हणजे काय होते

बोलताना आपण ‘साखर चहात वितळली’ असे सहज म्हणून जातो, पण वितळणे आणि विरघळणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. लोणी कढईत वितळते, कारण त्याला उष्णता मिळते; साखर चहात विरघळते, कारण तिला पाणी मिळते. वितळायला दुसऱ्या पदार्थाची गरज नसते, विरघळायला ती असते. जो पदार्थ विरघळतो तो द्राव्य, ज्यात विरघळतो तो द्रावक आणि दोहोंचे मिळून झालेले एकजीव मिश्रण म्हणजे द्रावण.

पाण्याचा रेणू विजेच्या दृष्टीने थोडा कलता असतो. त्याच्या ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण प्रभार असतो आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन. मिठाचा खडा म्हणजे सोडियमचे धन आयन आणि क्लोराइडचे ऋण आयन यांची घट्ट रचलेली भिंत. पाण्याचे रेणू या भिंतीच्या कोपऱ्यांना आणि कडांना भिडतात, आपली ऋण बाजू सोडियमकडे व धन बाजू क्लोराइडकडे करून एकेक आयन ओढून काढतात आणि त्याच्याभोवती कडे करून त्याला पाण्यात दूर नेतात. साखरेचे तसे नसते; तिचा रेणू फुटत नाही, अखंडच सुटतो, मात्र त्यालाही पाण्याचे रेणू असेच वेढून घेतात. भिंत सोडवायला लागणारी ऊर्जा आणि वेढा पडल्याने मिळणारी ऊर्जा यांचा हिशेब दर पदार्थागणिक वेगळा असतो. म्हणूनच काही पदार्थ विरघळताना पाणी गार होते, तर काही विरघळताना तापते.

खरे द्रावण ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. ते आरपार दिसते, कितीही वेळ ठेवले तरी त्यात साका बसत नाही, गाळणीच्या कागदातून ते जसेच्या तसे उतरते आणि अंधारात त्यातून विजेरीचा झोत टाकला तर झोताची वाट दिसत नाही. आरपार म्हणजे बिनरंगी असा अर्थ मात्र घेऊ नये. मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे, पाणी गडद निळे असूनही खरे द्रावण असते. उलट कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर काढून दिलेले म्हशीचे दूध हे द्रावण नव्हे, कारण त्यात स्निग्धांशाचे बारीक थेंब आणि प्रथिनांचे कण तरंगत असतात, जरी त्यातली दुग्धशर्करा खरोखर विरघळलेली असली तरी.

बागायतदारांच्या रोजच्या वापरातले बोर्डो मिश्रणही द्रावण नाही. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी यांपासून केलेल्या १ टक्क्याच्या बोर्डोमध्ये तांब्याचे न विरघळणारे निळे कण पाण्यात लोंबकळत असतात, म्हणून ते फवारताना सतत हलवावे लागते आणि त्याच दिवशी संपवावे लागते. ते नीट जमले की नाही हे पाहण्यासाठी घासून लखलखीत केलेला लोखंडी विळा त्यात थोडा वेळ बुडवून धरण्याची जुनी रीत आहे. पात्यावर तांबूस थर चढला तर विरघळलेले तांबे अजून शिल्लक आहे असे समजावे आणि चुन्याची निवळी आणखी घालावी, नाहीतर पाने करपतात. एकाच बॅरलात कोणता भाग विरघळलेला आहे आणि कोणता नाही हे सांगणारी याहून स्वस्त परीक्षा मला माहीत नाही.

वेग कसा वाढवावा

पदार्थ बारीक करावा, पाणी कोमट घ्यावे आणि ढवळावे, एवढे तीन उपाय सर्वांना ठाऊक असतात. गुळाचा खडा पाण्यात टाकला तर पाव तास लागतो, तोच किसून घातला तर दोन मिनिटांत विरघळतो, कारण पाण्याला भिडणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढलेला असतो. ढवळण्याचे काम मात्र नेमके काय असते हे फारसे कोणी पाहत नाही, आणि ते डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे.

काचेच्या उंच पेल्यात स्वच्छ पाणी घ्यावे, खडीसाखरेचा एक खडा दोऱ्याला बांधून पाण्याच्या पृष्ठभागाखाली बोटभर लोंबता ठेवावा आणि पेला खिडकीच्या उजेडात धरून बघावे. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावरची हवा थरथरते तशा बारीक रेघा खड्यापासून निघून संथपणे तळाकडे जाताना दिसतात. खड्याभोवतीचे पाणी साखरेने जड होते आणि खाली बसते, त्याच्या जागी वरचे हलके, कोरे पाणी खड्याला येऊन भिडते, आणि हे चक्र कोणीही न ढवळता आपोआप चालू राहते. दुसरा तसाच खडा पेल्याच्या तळाशी सोडून दिला तर त्याच्याभोवती जड पाक साचून राहतो, कोरे पाणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि तो कितीतरी वेळ तसाच पडून राहतो. चहाच्या कपाच्या तळाशी साखर उरते ती यामुळेच.

यातून बॅरलसाठी एक चांगली युक्ती मिळते. मोरचूद किंवा पांढरा पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) बॅरलच्या तळाशी ओतून काठीने झुंजत बसण्यापेक्षा विरळ विणीच्या सुती फडक्यात त्याची पुरचुंडी बांधावी आणि बॅरलवर आडव्या टाकलेल्या काठीला ती अशी टांगावी की ती जेमतेम पाण्यात बुडेल. संध्याकाळी टांगलेली पुरचुंडी सकाळी रिकामी झालेली असते. मोरचुदासाठी बॅरल प्लास्टिकचेच असावे. लोखंडी पिंपावर तांब्याचा थर चढतो आणि पिंप व औषध दोन्ही वाया जातात.

मर्यादा कशी ओळखावी

ठरावीक तापमानाच्या ठरावीक पाण्यात एखादा पदार्थ जास्तीत जास्त जितका विरघळतो तितकी त्याची विद्राव्यता, आणि ती मर्यादा गाठलेले द्रावण म्हणजे संपृक्त द्रावण. या मर्यादा पदार्थापदार्थांत कल्पनेपलीकडे वेगळ्या असतात. २० अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात मीठ सुमारे ३६ ग्रॅम विरघळते, पांढरा पोटॅश ३४ ग्रॅम, युरिया १०८ ग्रॅमच्या आसपास आणि साखर तब्बल २०० ग्रॅम, म्हणजे पाण्याच्या दुप्पट वजनाची. चुन्याचे पाहावे तर लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमसुद्धा विरघळत नाही. हंडाभर पाण्यात चिमूटभर चुना आणि मूठभर चुना यांची निवळी म्हणूनच फारशी वेगळी नसते, उरलेला चुना तळाशी नुसता बसून राहतो.

तापमानाचा परिणामही सर्वांवर सारखा होत नाही. मीठ उकळत्या पाण्यात ३९ ग्रॅमपर्यंतच जाते, त्यामुळे ते जास्त विरघळावे म्हणून पाणी तापवणे हा इंधनाचा अपव्यय आहे. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट मात्र ० अंशांना १३ ग्रॅम, २० अंशांना ३२ ग्रॅम आणि ४० अंशांना ६० ग्रॅमहून अधिक विरघळते. अशा खताला रात्रीच्या थंडीत सर्वाधिक धोका असतो. चुना तर उलट्या चालीचा आहे, तो गरम पाण्यात थंड पाण्यापेक्षाही कमी विरघळतो.

माझ्या फजितीनंतर मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. द्रावण ज्या वेळी वापरले जाईल त्या वेळचे सर्वांत थंड तापमान धरावे, त्या तापमानाची मर्यादा पाहावी आणि तिच्या दोन तृतीयांशांपेक्षा जास्त पदार्थ घालू नये. या हिशेबाने ००:००:५० ची २५ किलोची गोणी थंडीच्या दिवसांत दोनशे लिटरच्या एका बॅरलात जात नाही, तिला दोन बॅरल पाणी लागते. खडे आधीच बसले असतील तर ते टाकून देऊ नयेत. वरची निवळी दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावी, तळाच्या खड्यांवर नवे कोमट पाणी घालावे, ते विरघळले की दोन्ही एकत्र करून एकूण पाणी वाढवावे.

प्रत्यक्ष कृती

सर्वांत आधी तयार द्रावण किती लिटर हवे आणि ते किती टक्क्यांचे हवे हे कागदावर लिहून घ्यावे. शेतीच्या कामात २ टक्के म्हणजे १०० लिटर द्रावणात २ किलो पदार्थ, अर्थात लिटरला २० ग्रॅम. १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. येथे ‘१०० लिटर द्रावणात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, ‘१०० लिटर पाण्यात’ नव्हे. थोड्या पदार्थाने हा फरक जाणवत नाही, पण घट्ट द्रावण करताना तो मोठा असतो. एक लिटर पाण्यात एक किलो साखर विरघळवली तर सुमारे १.६ लिटर पाक होतो. म्हणून भांडे आधीच काठोकाठ भरून मग पदार्थ टाकण्याची सवय मोडावी. ठरलेल्या मापाच्या पाऊण हिश्शापर्यंत पाणी घ्यावे, त्यात पदार्थ पूर्ण विरघळू द्यावा आणि शेवटी खुणेपर्यंत पाणी भरून पुन्हा एकदा हलवावे.

पदार्थ नेहमी वजनानेच मोजावा. मूठ, ओंजळ आणि डबा ही मापे ओल्या-कोरड्या मालात फसवतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर बरणीतले मीठसुद्धा हवेतली ओल ओढून वजनदार होते. पदार्थ एकदम ओतू नये. एका हाताने पाणी फिरवत दुसऱ्या हाताने तो पेरल्यासारखा सोडत जावा, म्हणजे त्याच्या गाठी होत नाहीत.

फवारणीच्या पंपात कोरडे खत थेट टाकणे ही अतिशय वाईट सवय आहे. बादलीत तीन लिटर पाणी घ्यावे, त्यात ३०० ग्रॅम युरिया घालून ढवळावे, फडक्यातून गाळून पंपात ओतावे आणि मग १५ लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरावे. बादलीत हात घातला तर पाणी पाच-सहा अंशांनी गार झालेले स्पष्ट जाणवते. युरिया विरघळताना पाण्याची उष्णता घेतो, पाणी गार होते आणि गार पाण्यात उरलेला युरिया सावकाश विरघळतो. म्हणून शेवटचे दाणे रेंगाळले तर खताला दोष न देता पाच मिनिटे थांबावे.

डीएपी या खताच्या दाण्यांचा काही भाग पाण्यात विरघळतच नाही. पंपाला लागणारे ३०० ग्रॅम डीएपी आदल्या संध्याकाळी तीन लिटर पाण्यात भिजत घालावे, सकाळी न हलवता वरची निवळी अलगद ओतून घ्यावी आणि तळाचा साका झाडांच्या बुंध्याशी टाकावा. पोटॅश ठिबकसाठी घ्यायचा असेल तर पांढराच घ्यावा, कारण लाल पोटॅशला लाल रंग देणारा लोहाचा अंश विरघळत नाही आणि तो तोट्यांमध्ये जाऊन बसतो.

आता सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक. स्वतंत्रपणे उत्तम विरघळणारी दोन खते एकत्र केल्यावर पाणी दुधासारखे पांढरे होऊ शकते. कॅल्शियम नायट्रेट पाण्यात चटकन विरघळते, ००:००:५० सुद्धा विरघळते. पण दोन्ही एका बॅरलात आली की एकाचे कॅल्शियम आणि दुसऱ्याचे सल्फेट एकमेकांना धरतात आणि जिप्सम तयार होते, जे लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. उरलेले सगळे पांढऱ्या अवक्षेपाच्या रूपाने खाली बसते आणि ड्रिपरची छिद्रे बुजवते. १२:६१:०० किंवा ००:५२:३४ यांसारख्या स्फुरदयुक्त खतांबरोबरही कॅल्शियम घातले की हेच होते, फक्त जिप्समऐवजी कॅल्शियम फॉस्फेट बसते. म्हणून कॅल्शियम नायट्रेट नेहमी एकटे, वेगळ्या दिवशी सोडावे. बोअरचे पाणी जड असेल तर त्यातल्याच कॅल्शियममुळे स्फुरदाचे खत गढूळ होऊ शकते, आणि हे घडेल की नाही हे पाण्याकडे नुसते पाहून सांगता येत नाही.

सांगता येते ते बाटलीतल्या परीक्षेने. पाण्याची रिकामी पारदर्शक बाटली घ्यावी, ज्या पाण्याने खत द्यायचे तेच पाणी तिच्यात भरावे, सर्व खते बॅरलमधल्याच प्रमाणात आणि त्याच क्रमाने घालावीत, हलवून तासभर उभी ठेवावी. पाणी गढूळ झाले, तळाला साका दिसला किंवा वर तवंग आला तर ते मिश्रण बॅरलमध्ये करू नये. दहा रुपयांच्या खतात हजारो रुपयांच्या नळ्या वाचतात.

काही पदार्थ विरघळताना पाणी इतके तापते की जपून वागावे लागते. ठिबकच्या नळ्या धुण्यासाठी आम्ल वापरतात, साबणासाठी कॉस्टिक सोडा वापरतात. या दोहोंच्या बाबतीत आधी पाणी घ्यावे आणि त्यात आम्ल किंवा सोडा थोडा थोडा सोडावा, उलट कधीही करू नये. आम्लावर पाणी ओतले तर पहिले थोडे पाणी तिथल्या तिथे उकळून आम्लासकट अंगावर उडते. हातमोजे आणि चष्मा घालावा, भांडे ॲल्युमिनियमचे नसावे.

घरातही एक द्रावण असे आहे की ज्याचे प्रमाण चुकणे महागात पडते, आणि ते म्हणजे जुलाब होत असलेल्या मुलाला द्यायचे ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटरच्या पाकिटात २०.५ ग्रॅम पूड असते: ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. हे पाकीट पूर्ण एका लिटर पाण्यातच घालावे. ‘ताकद जास्त यावी’ म्हणून ते अर्ध्या लिटरमध्ये घालणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. घट्ट द्रावण आतड्यात उलट पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवून देता येते. केलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावे.

पाण्यात न विरघळणाऱ्यांचे काय

कोल्हापुरी माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही, फक्त तांबड्या रश्श्याच्या वाटीकडे नीट पाहायला सांगावे. वाटीत खाली रस्सा असतो आणि वर लालभडक तर्री तरंगते. मिरचीचा लाल रंग आणि तिचा तिखटपणा देणारे कॅप्सेसिन हे दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीच. म्हणून चटणी गरम तेलात घातली तर रंग उतरतो आणि उकळत्या पाण्यात घातली तर पूड नुसती फिरत राहते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात आणि तेलासारख्या प्रभारहीन रेणूंना आपल्यात जागा देत नाहीत. सारख्यात सारखे विरघळते, असा हा मामला आहे. तिखट लागल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही, दुधातल्या स्निग्धांशाने आणि प्रथिनांनी मात्र आराम पडतो, यामागेही हेच कारण आहे. हाताला लागलेले वंगण रॉकेलने निघते आणि पाण्याने निघत नाही, तेही यामुळेच.

वायूसुद्धा पाण्यात विरघळतात, पण त्यांची चाल घन पदार्थांच्या उलट असते. पाणी जितके थंड आणि दाब जितका जास्त तितका वायू अधिक विरघळतो. सोड्याची बाटली गार असतानाच उघडावी, उन्हात तापलेली उघडली तर निम्मा सोडा सदऱ्यावर येतो. हवेतला ऑक्सिजन ० अंशांच्या लिटरभर पाण्यात १४.६ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांच्या पाण्यात ७.६ मिलिग्रॅमच, रंकाळ्यासारख्या तळ्यातल्या माशांना उन्हाळा जड जातो त्यात हा एक भाग असतो.

विरघळलेले परत काढणे

द्रावणातून पदार्थ परत मिळवायचा तर पाणी उडवावे लागते किंवा द्रावण थंड करावे लागते. पहिल्या रीतीचे सर्वांत मोठे प्रात्यक्षिक आपल्याकडच्या प्रत्येक गुऱ्हाळात चालते. उसाच्या ताज्या रसात वजनाने साधारण १८ ते २२ टक्के विरघळलेले घटक असतात, त्यांत बहुतांश साखर. गाळणीतून जाणारा हा विरघळलेला भाग काहिलीत तसाच राहतो. न विरघळलेला आणि तरंगणारा मळ मात्र चुन्याची निवळी आणि रानभेंडीचा चिकट रस घालून मळीच्या रूपाने वर आणून काढून टाकतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर असल्याने साधे पाणी येथे ९८ अंशांना उकळते, पण काहिलीतला रस आटत जातो तसा त्याचा उत्कलनबिंदू चढत जातो, कारण साखरेच्या गर्दीतून पाण्याच्या रेणूंना सुटणे अवघड होत जाते. काकवी १०५ अंशांच्या आसपास उतरवतात, गूळ ११८ अंशांच्या आसपास. चुलवाणाजवळ उभा असलेला गुळव्या तापमापक वापरत नाही. तो पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी दाबून पाहतो, आणि ती गोळी विरघळण्याऐवजी घट्ट राहिली की काहील वाफ्यात उलटण्याचा इशारा देतो. त्याचे बोट आणि तापमापक यांत एखाद्या अंशाचाच फरक पडतो असा माझा अनुभव आहे.

दुसरी रीत घरी मुलांना दाखवण्यासारखी आहे. काचेच्या पेल्यात गरम पाणी घेऊन त्यात तुरटीची पूड विरघळेनाशी होईपर्यंत घालत जावे, तळाला थोडी उरली की वरचे पाणी स्वच्छ पेल्यात गाळून घ्यावे आणि झाकून रात्रभर ठेवावे. सकाळी तळाशी बारीक पैलूदार स्फटिक दिसतात. त्यांतला एक चांगला स्फटिक बारीक दोऱ्याला बांधून त्याच गाळलेल्या पाण्यात, पेल्याच्या मधोमध, कशालाही न टेकता लोंबता ठेवावा आणि पेल्यावर कागद बांधावा. पाणी सावकाश उडत जाते तसा स्फटिक आठवडाभरात हरभऱ्याएवढा होतो. पेला ठेवण्याची जागा मात्र विचारपूर्वक निवडावी. आमच्या नातीने मार्चमध्ये तो पश्चिमेच्या खिडकीत ठेवला होता. रात्री वाढलेला स्फटिक रोज दुपारच्या तापलेल्या पाण्यात पुन्हा विरघळून जात असे, आणि पाचव्या दिवशी दोरा मोकळाच लोंबत होता. मग आम्ही पेला माजघरातल्या फडताळात, पाण्याच्या मडक्याशेजारी ठेवला.